पन्नाशीतला पहिला प्रोग्राम

बावीस वर्षं ऑफिसचे सर्व्हर तळहातावरच्या फोडासारखे जपल्यावर आप्पा पन्नाशीत ते काम सोडून त्याच ऑफिसात खालच्या मजल्यावर प्रोग्रामिंग शिकायला बसले. आठवडाभर घाम गाळून त्यांनी सात ओळींचा पहिला प्रोग्राम लिहिला, ऑफिसच्या सर्व्हरवर चढवला, देवाचं नाव घेऊन बटण दाबलं, पण स्क्रीन ढिम्म! "आपल्याच्यानं नाही व्हायचं हे," असं पुटपुटत ते चहाला निघाले, तोच त्यांच्या जुन्या जागेवर आलेल्या मुलीचा फोन आला.

"आप्पा, धावा! सर्व्हर गुदमरलाय. सगळं ऑफिस हातावर हात ठेवून बसलंय!"

आप्पा दोन-दोन पायऱ्या चढत पोचले, बाह्या सरसावून बसले आणि पाच मिनिटांत त्यांनी चोर पकडला. कुणाचा तरी प्रोग्राम थांबायचं नावच घेत नव्हता, एकच काम लाखो वेळा करत सुटला होता. आप्पांनी आधी तो बंद पाडला.

"कुठल्या गाढवानं लिहिलाय गं हा? नाव वाच बघू!"

तिनं स्क्रीनकडे पाहिलं आणि हसू दाबत म्हणाली, "आप्पा... तुमचंच आहे."

 

आप्पांनी क्षणभर आ वासला, मग खुर्चीसकट एक गिरकी घेतली आणि ओरडले, "अगं, म्हणजे चालला की माझा प्रोग्राम!"