भाकरतुकडा

व्हीपीएनने भौगोलिक अंतर ही गोष्टच संपवली आहे. बार्शी ते ऑस्लो संपवायला आम्हाला साडेतीन तास लागले, त्यातला एक तास बायको जुन्या डायरीत पासवर्ड शोधत होती.

अखेर ऑस्लोहून लेक फोनवर म्हणाली, "बाबा, माऊस सोडा. आता मी येते तुमच्या कॉम्प्युटरमध्ये." आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला.

"केतकी, थांब!" बायको ओरडली. "तशीच आत येऊ नकोस."

मार्चमध्ये केतकीचं तिकडे ऑपरेशन झालं, आम्हाला व्हिसा मिळाला नाही. दुखण्यातून उठलेली लेक त्यानंतर पहिल्यांदाच घरात शिरत होती.

बायकोने भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या आणला. मॉनिटरवरून दोन्ही तीनदा ओवाळले, कीबोर्डवर चार थेंब सांडले. मी इंजिनिअर असूनही तांब्या धरला.

बाण होता तिथेच थांबला होता. फोनमध्ये कुणीतरी नाक ओढलं. "आई, येऊ आता?"

"ये."

तुकडा गल्लीतल्या कुत्र्याने खाल्ला. ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं, तो प्रिंटर अजून बंदच आहे.