मिनिटभराची शांतता

ज्यांची घरं पाडली गेली त्या लोकांबरोबर ती वीस वर्षं मोर्चात चालली, त्यांच्यावर माहितीपट करत राहिली. आई गेल्यावर धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, गावभरच्या आयांना बोलतं केलंस. आता आपल्या आईचा आवाज पाठव ना, कुठलाही."

सगळ्या हार्ड डिस्क उपसल्यावर आई एकदाच सापडली. आईच्या खोलीत कुणाची तरी मुलाखत झाली होती, आणि संकलनात कापलेल्या जागा भरायला लागते म्हणून शेवटी मिनिटभर खोलीची नुसती शांतता टिपली होती. "आई, हूं की चूं करायचं नाही हं," असं लेकीनेच बजावलं होतं.

तिने आवाज वाढवला. घड्याळाची टिकटिक, आईचा श्वास, आणि अगदी शेवटी दबकत, "झालं का गं तुझं? बोलू आता?"

पुढे काही नव्हतं. उत्तर देण्याआधी तिने रेकॉर्डिंग बंद केलं होतं.