बापाच्या हातची बोहनी

मायबाप, तिकडे भिंतीशी काय बसता, इकडे सरका. माझ्या बाजूची सतरंजी रोज मोकळीच राहते. बुवा कीर्तनाला उभे राहायला अजून वेळ आहे, तोवर एका बापाची गोष्ट सांगतो.

"गाडी कोनती आहे, एवढं तरी सांग," आनंदराव म्हणाले.

धाकटा गिरिधर खाली मान घालून पोहे खात होता. नवीन नोकरीचा त्याचा तो तिसरा आठवडा. एका ट्रस्टच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला, यापलीकडे घरात कोणाला काही माहीत नव्हतं. माहीत असलं तर आईला, तुळसाबाईंना.

"पांढरी आहे."

"पांढऱ्या तं बैलजोड्याही असतात. मले बसून पाहाची आहे. बोहनी माह्या हातची पायजे."

"नको बाबा. माह्या गाडीची बोहनी तुमच्या हातून नको."

हे आनंदरावांना लागलं. हुडकेश्वरच्या त्या घरात रीतच होती: लेकरू कामाला लागलं की पहिलं गिऱ्हाईक बाप. थोरल्या प्रेमानंदने इतवारीत कापडाचं दुकान टाकलं, तेव्हा शटर वर जायच्या आधीच आनंदराव पायरीवर बसले होते. पाच मीटर पांढरं सुती कापड घेतलं. पण शिवलं नाही. "पोराच्या दुकानातलं पहिलं कापड, त्याले कात्री काहून लावू?" म्हणत पेटीत ठेवलं.

मग लेक पिंकीने बेसा भागात फोटो स्टुडिओ काढला. तिथेही पहिला फोटो बापाचा. टोपी नीट, कपाळाला बुक्का, पाठ ताठ.

"बाबा, हासा न जरा. ठाण्यात बसवलं नाही तुम्हाले."

आनंदराव हसले नाहीत. पिंकीने फोटो मोठा करून चौकटीत बसवून दिला. तुळसाबाईंनी मात्र तो टांगू दिला नाही. "दिवसभर तं समोर बसून राहता. आता भिंतीवरूनही पाहसान काय?" फोटो कपाटामागे गेला.

दोघांचीही कामं चालली. देवाची कृपा, आनंदराव म्हणत. आणि थोडा आपल्या हाताचा गुण, असं मनात धरून असत. आता धाकट्यालाच तेवढी बरकत लागायची राहून जाईल, ही त्यांची धास्ती होती.

"बरं, बसते कोन त्या गाडीत?" त्यांनी पुन्हा विचारलं.

गिरिधरने पोह्यांची बशी बाजूला सारली. "मोठ्या मोठ्या लोकांलेही बसा लागते, बाबा."

"बोलतात काही तुह्याशी?"

"नाही."

"बडे लोकं कमीच बोलतात. कोनाची तक्रार?"

"आजवर एकाचीही नाही. रस्त्यात लोकं बाजूले होऊन वाट देतात."

आनंदरावांची छाती फुगली. संध्याकाळपर्यंत ही बातमी मंदिरात पोचली होती. "धाकटा बड्या लोकांच्या गाडीवर आहे माहा. अख्खी सडक वाट देते त्याले." घरी येऊन तेच पुन्हा सांगितलं. तुळसाबाई देवाच्या वाती वळत होत्या. हातातली वात तुटली. त्यांनी दुसरी घेतली.

एकादशीला मंदिरात कीर्तन झालं. शेवटच्या गजरात आनंदराव टाळ घेऊन असे नाचले की बुवांनीही मान डोलावली. घरी येताना छाती जड झाली. "नामाचा रंग आहे हा," म्हणाले आणि तसेच आडवे झाले. गिरिधर पाणी घेऊन आला, तर त्याचा हात धरून ठेवला.

"कामाची नाही तं नाही, दिवसाची बोहनी तं देशील? सकायची पयली सवारी माही."

"झोपा तुम्ही, बाबा."

सकाळी डोळे उघडून पाहतात तर घर भरलेलं. अंगणात चपलाच चपला. भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन आलेलं. प्रेमानंद दुकान बंद ठेवून आला होता आणि पेटीतलं पांढरं कापड आपल्या हाताने फाडत होता. चला, आनंदरावांना वाटलं, लागला एकदाचा त्या कापडाचा मुहूर्त. पिंकी ओढणीने फोटो पुसत होती. तुळसाबाईंनी स्वतःच तो कपाटामागून काढून दिला होता. एका बोहनीचा एवढा सोहळा! कोणीतरी येऊन कपाळाला बुक्का लावला.

आनंदराव चपला शोधत होते, तेवढ्यात गाडी दारात लागली. पांढरी, लांब, झेंडूच्या माळा सोडलेली. गल्लीतली माणसं बाजूला झाली, पोराने सांगितलं होतं अगदी तशी.

गिरिधर उतरला. त्याने कोणाकडे पाहिलं नाही.

"म्हनलं होतं न बाबा," तो म्हणाला, "तुमच्या हातून नको."

"बसा आता," तुळसाबाई म्हणाल्या. "भल्ली हौस होती न त्याच्या गाडीत बसाची."

आनंदराव काही बोलले नाहीत. बडे लोक कमीच बोलतात.

मृदंग लागला बघा, मायबाप. बुवा आले. एवढंच मागणं आहे: ती पांढरी गाडी घाटाकडे जाताना दिसली की आत निजलेल्याला तुम्ही हात जोडालच, पण समोर काचेआड बसलेल्या गिरिधरचीही आठवण ठेवा. माहा धाकटा आहे तो.