तलावात शिरलेला ठिपका

कोराडीच्या रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक. परदेशातल्या विमानतळावर भाड्याने घेतलेली काळी गाडी. डावीकडचं स्टिअरिंग. गॅसवर उतू गेलेलं दूध. मोबाइलवर सरकणारा एक ठिपका.

ठिपका म्हणजे मनोहररावांची हर्षा. जावयासोबत बर्फ पाहायला गेलेली. रस्ता दाखवायला स्टिअरिंगशेजारी लावलेल्या तिच्या फोनवरून गाडी कुठे आहे ते नागपुरात दिसत होतं. "कोळशाच्या ट्रकांमधून गाडी काढते माही पोरगी, चालवू द्या तिले," असं जावयाला त्यांनीच सांगितलं होतं.

आता ठिपका रस्ता सोडून तलावात शिरला होता. त्यांनी फोन लावला. रिंग जात राहिली. जावयाचा नंबर तिथे लागतच नव्हता. ठिपका काठापासून आणखी आत गेला.

"कुठवर पोचले जी?" प्रेमिलाबाईंनी आतून विचारलं.

"घाट चढून राहिले वं. रेंज नसन तिथं."

त्या बाहेर आल्या आणि त्यांच्याशेजारी बसल्या. प्रेमिलाबाईंच्या हातातल्या मोबाइलवरही तोच तलाव होता.

"मले मघापासून दिसून राहिलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या बीपीच्या पायी बोलली नाही."

मनोहररावांनी त्यांचा हात धरला. ठिपका तलावाच्या मधोमध पोचला होता.

गाडीची चावी देताना काउंटरवरच्या बाईनं हर्षाला सांगितलं होतं की घाट बर्फामुळे बंद आहे, गाडी बोटीवर चढवा आणि पलीकडे पोचेपर्यंत वर डेकवर बसा, खाली गाडीत कोणाला थांबू देत नाहीत.