आणखी बारीक जाळी

"सर, तुमचं कधी चुकलंय का?"

मैत्रिणींनी वडापावाची पैज लावली होती, म्हणून हेमाने विचारून टाकलं. एरवी श्रीनिवास सरांना असलं काही विचारायची स्वारगेटच्या त्या ऑफिसात कुणाची छाती नव्हती. सर इमारतींची गणितं करायचे आणि दहावीच्या सुट्टीत हेमा त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर तेच शिकत होती.

"चुकलंय की," सर मान वर न करता म्हणाले. "तू शिकायला येते म्हणालीस, तेव्हा हो म्हणालो."

हेमा खुदकन हसली. महिन्याभरापूर्वी रडली असती.

आज स्क्रीनवर तिच्या वडिलांचीच वारज्यातली इमारत होती. सर्जेरावांनी गच्चीवर भलीमोठी टाकी चढवली होती, पण आई ती भरू देईना. स्लॅब खाली आला म्हणजे? खाली माणसं राहतात. शेवटी सर्जेराव म्हणाले होते, "आता आमची हेमाच काय ते सांगंल."

स्लॅब म्हणजे एक मोठी पाटी. कडेच्या चार भिंती आणि मधली एक, एवढ्यावर टेकलेली. तिचे चौकोन पाडायचे, टाकीचा भार ठेवायचा आणि पाटी किती वाकते ते बघायचं. मोठ्या चौकोनांनी उत्तर छान आलं.

"झालं?" सरांनी विचारलं.

"छे, एवढ्यात कसं? जाळी बारीक करते."

टाकीखालचे चौकोन बारीक केले, तर वाक एकदम वाढला. हेमाने खुर्ची पुढे ओढली. आणखी बारीक केले. आकडा जेमतेम हलला. पुन्हा केले. आता ढिम्म.

"स्थिरावलं, सर. आणि मर्यादेच्या बरंच आत आहे."

सरांनी चष्मा चढवून आकडा पाहिला. "नकाशा कुणाकडून आणलास?"

"बाबांकडून. इमारत त्यांनीच बांधलीय."

"मग ठीक. वाईट नाही जमलं."

सरांच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच. बसमध्ये हेमाला बसवेना. घरात शिरली तीच चपला न काढता.

"आई, बाबा, माझं ठरलंय. टाकी आजच भरायची. काठोकाठ. स्लॅबला काही म्हणजे काही होत नाही."

सर्जेराव आईकडे वळले. "ऐकलंस? वरच्या मजल्यावरल्या क्लासवाल्यांना हॉल मोठा पायजे म्हणून ती मधली भिंत काढली, तवापासनं उगाच धास्ती घेऊन बसलीस."