दोघांची नावं

नंदकिशोरच्या उजव्या तळहातावर पळीभर पाणी होतं, त्यात अक्षता आणि तुळशीचं पान. शेजारी बसलेल्या विजयालक्ष्मीने त्याच्या मनगटाला बोटं लावली होती. समोर बसून आसावरी संकल्प सांगत होती.

जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या त्यांच्या या नव्या फ्लॅटमध्ये आज सत्यनारायण होता. पूजा सांगायला मुलगी येणार, हे कळल्यावर बरीच मंडळी मुद्दाम लवकर आली होती. शेजारच्या भाभीजींनी तर दारात आसावरीलाच विचारलं, "पंडितजी कितनी देर में आएँगे?"

"आ गए," म्हणून आसावरी हसत आत शिरली होती.

तिचे वडील गोपीनाथ मागे भिंतीला टेकून बसले होते. सीतापुऱ्यातली नोकरी सांभाळून, पुण्याच्या गुरुजींकडे ऑनलाइन, तिला पौरोहित्य शिकताना त्यांनी पाहिलं होतं. बोलताना आसावरी लहानपणापासून अडखळायची. मंत्र म्हणताना मात्र नाही. मंत्रांना लय असते आणि लयीत तिची जीभ मोकळी सुटायची. अडचण नावांची होती. नाव दर घरी नवं.

"बाबा, आज मी अडले तरी तुम्ही बोलायचं नाही," लिफ्टमध्ये तिने बजावलं होतं.

गोपीनाथांनी मान हलवली होती. शाळेत, दवाखान्यात, भाजीवाल्यापुढे, तिचं वाक्य अडलं की पुढचा शब्द तेच पुरवायचे. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की तिने एकदा चिडून सांगेपर्यंत त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

संकल्पातल्या गोदावरीतीराच्या जागी जयपूर नगरीचं नाव आलं, तिथी आली, वार आला, गोत्र आलं. 'नंदकिशोरनामा' सरळ गेलं. पुढे पोथीत नुसतं 'सपत्नीक' होतं. पण पूजा ठरली तेव्हाच आसावरीने सांगून टाकलं होतं, मी दोघांची नावं घेते.

"वि..."

आवाज थांबला. खालचा ओठ दातांपाशी अडकून राहिला. मान किंचित ताठली.

स्वयंपाकघरातून भाजलेल्या रव्याचा वास येत होता. एकेक करत माणसं मागे वळून गोपीनाथांकडे पाहू लागली. वडील आहेत, सांगतील.

शब्द गोपीनाथांच्या तोंडात तयार होता. सकाळपासून त्यांनी तो मनात किती वेळा घोळवला होता. नुसते ओठ उघडले असते तरी बाहेर पडला असता. मुलीची जीभ सुटावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं संकष्ट्या केल्या होत्या. आजही त्यांनी चौरंगावरच्या बाळकृष्णाकडे पाहिलं, पण मागणं वेगळं होतं. तिचं ती बघेल देवा, माझं तोंड तेवढं मिटलेलं राहू दे.

"अहो, सपत्नीक म्हणा ना," नंदकिशोरचे मामा, उत्तमराव, खुर्चीतून म्हणाले. "सगळे तसंच म्हणतात. चालतं."

चालत होतं, हे आसावरीलाही ठाऊक होतं. एक शब्द म्हणायचा आणि पुढे जायचं. पोथीचाही आधार होता.

तिने पोथीवरची नजर उचलून विजयालक्ष्मीकडे पाहिलं.

"मामा, म्हणू द्या त्यांना," विजयालक्ष्मी म्हणाली. "मला घाई नाही."

आसावरीने डोळे मिटले. श्वास घेतला, अर्धा सोडला, आणि पुन्हा त्या नावापाशी आली. "वि... विज..." पुन्हा थांबली. ती ना घाबरली, ना तिने मान खाली घातली. वाटेत दगड आला की माणूस पाऊल कुठे ठेवायचं ते बघतो, तशी ती थांबली होती. नंदकिशोरच्या बोटांमधून पाण्याचा थेंब ताम्हनात पडला. त्याने हात आणखी घट्ट मिटला.

"विजयालक्ष्मीनाम्न्या धर्मपत्न्या सह..."

आणि मग लय सापडली. संकल्प शेवटपर्यंत एका दमात गेला. "सोडा पाणी," आसावरी म्हणाली, आणि ताम्हनात पाणी पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. विजयालक्ष्मीने पदराने डोळे टिपले.

गोपीनाथांच्या लक्षात आलं की आपण स्वतःचा गुडघा गच्च धरून ठेवलाय. त्यांनी बोटं हळूच सोडवली.

कथेच्या वेळी आसावरी तीन-चारदा अडखळली, पण आता कोणी मागे वळून पाहिलं नाही. आरती झाली. प्रसादाच्या वाट्या फिरल्या. उत्तमराव आपली वाटी घेऊन गोपीनाथांच्या शेजारी येऊन बसले.

"विश्वकर्मा एरियात माझं वर्कशॉप आहे," ते म्हणाले. "नवीन शेड बांधलीय. पूजा करून घ्यायचीय."

"चांगलं आहे."

"आमच्या घरी माणसं जास्त. दोन मुलं, दोन सुना. मतलब, नावं घ्यायची तर सुनांचीही घ्यावी लागतील." त्यांनी आसावरीकडे नजर टाकली. "त्यांना जमेल का हो? तुम्हाला काय वाटतं?"

जमेल, असं गोपीनाथ म्हणणारच होते.

"त्यांनाच विचारा," ते म्हणाले.

उत्तमरावांनी वाटी खाली ठेवली आणि ते उठले. खिडकीपाशी आसावरी पोथी गुंडाळत होती. ते तिच्याजवळ गेले, काहीतरी बोलले. गोपीनाथांना इथून ऐकू येत नव्हतं. एवढं दिसत होतं की आसावरीने उत्तर द्यायला तोंड उघडलंय आणि पहिलाच शब्द अडलाय. समोर उत्तमराव हात मागे बांधून, मान थोडी पुढे करून, थांबले होते.