एका अक्षराचा फरक

अनाथ वन्यप्राण्यांच्या केंद्रात एकाच पिंजऱ्यातले तीन बिबटे बर्ड फ्लूने दगावले. शेजारच्या पिंजऱ्यातली मादी मात्र नुसती शिंकून बरी झाली. चौघांनाही त्यांची देखभाल करणाऱ्या सोनबा मडावींनीच कोंबडी खाऊ घातली होती. आपल्याच हाताने मारलं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

प्रयोगशाळेचा अहवाल आला, तेव्हा केंद्राच्या डॉक्टर शर्वरी पायरीवर त्यांच्याशेजारी येऊन बसल्या.

“दोन पिंजऱ्यांत दोन तऱ्हेचे विषाणू निघाले, काका. फरक जनुकातल्या एका अक्षराचा. त्यामुळे एक मेंदूपर्यंत गेला, दुसरा नाकातच राहिला.”

“मला कळायला हवं होतं, मॅडम.”

“कोंबडी बघून कुणालाच कळलं नसतं. आणि म्हशीच्या मांसाऐवजी कोंबडी द्या, असं मीच लिहून दिलं होतं.”

सोनबांनी डॉक्टरांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“म्हणजे झोप तुम्हालाही नाही,” ते म्हणाले.